शेतातल्या बाईचे मोजमाप



समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. शेतात राबणाऱ्या बाईची प्रगती कशाने मोजायची, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासक यांनी २०१२ साली यासाठी एक निर्देशांक पुढे आणला. त्यात पाच बाबी पाहतात : पिकाचे निर्णय, मालमत्ता व कर्ज, उत्पन्नावरील ताबा, गटातील स्थान आणि वेळ. शंभरात ऐंशी गुण पडले तर बाई सक्षम. घरातील पुरुषालाही तेच प्रश्न विचारतात. दिवसाचे काम साडेदहा तासांवर गेले की कामाच्या बोज्याचे गुण जातात. आपल्या बागलाणात कांदा लावणीला जाणारी बाई घ्या. पहाटे चूल-पाणी तीन तास, शेतात आठ, रात्री पुन्हा दोन. बेरीज आपणच करा.

आता मालमत्ता. शेजारच्या चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करा, असे गावोगाव सांगितले गेले. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. (हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) पण ज्या घरात सातबाराच नाही, तिथे काय? जमिनीच्या रकान्यात नवरा-बायको दोघेही शून्यावर, म्हणजे तफावत नाही! अशी समानता काय कामाची? म्हणून मजूर बाईला वेगळे प्रश्न विचारले पाहिजेत, असे आमचे मत आहे. मजुरीचा दर ठरताना तिला कोणी विचारते का? उक्त्या कामाचे पैसे कोणाच्या हातात पडतात?

बँकेच्या खिडकीतून आम्ही रोज पाहतो. बचत गटाचे कर्ज तिच्या सहीने निघते, नोटा मोजायला मात्र दुसराच हात पुढे येतो. पासबुकावरचे नाव पाहून तिला सक्षम ठरवणे आम्हाला पटत नाही.

विद्यार्थ्यांनी सुटीत आपल्याच वस्तीतील पंचवीस घरे घ्यावीत. बाईला एकटीला विचारावे. नवरा ओट्यावर बसलेला असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. कामाचे तास अंदाजाने लिहू नयेत, उठल्यापासून निजेपर्यंत एकेक काम विचारून लिहावेत. वह्या मंडळाकडे जमा कराव्यात, बेरजा आम्ही करून देऊ.