लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीत जाताना

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक जर्मनीत असते. तिचं पहिलंच बाळंतपण, मावशींना जायचंय. परवा बैठक संपल्यावर त्या मागं थांबल्या. म्हणाल्या, "ताई, एजंट म्हणतो खात्यात दोन लाख दाखवा. गटातून उचलता येतील का?"

मी नाही म्हटलं. व्हिसाच्या अर्जाला खात्याचा तीन महिन्यांचा उतारा जोडतात. काल आलेली मोठी रक्कम त्यात लगेच डोळ्यांत भरते. वर व्याज आपल्या डोक्यावर. त्यापेक्षा लेक-जावयानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन आईच्या खर्चाचं हमीपत्र करून द्यावं. त्याची मूळ प्रत मागवायची. मोबाईलवरचा फोटो चालत नाही.

पण आधी पासपोर्ट. साधी फी 1500 रुपये, दहा वर्षं चालतो. आपल्या बायांचं अडतं ते नावापाशी. टीसीवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच! ते आधी सारखं करून घ्या. जुन्या कागदावर जिल्हा परभणी दिसला तर दचकू नका, आपला हिंगोली जिल्हा झालाच 1 मे 1999 ला.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी 90 युरो, म्हणजे नऊ हजारांच्या वर, आणि नाकारला तर परत मिळत नाही. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचं नुसतं आरक्षण ठेवा, पैसे अडकवू नका. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट इथूनच न्या.

आता दिवसांचा हिशोब. जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, तीन महिने नव्हे. मे, जून, जुलै मोजा, 92 भरतात! उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. बाळ तारखेच्या पुढंमागं होतं, तेव्हा फार लवकर जाऊन बसू नका.

मावशींनी शेवटी विचारलं ते तुपाचं. घरच्या म्हशीचं दोन किलो कढवून ठेवलं होतं. तूप, खवा, पेढे तिकडं नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. डिंक, सुंठ, आपली वसमतची दळलेली हळद न्या. लोणी तिथल्या दुकानात मिळतं, ते लेकीच्या गॅसवर कढवा.