बाळंतपण आणि गर्भनिरोधन : एकच शुश्रूषा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या प्रसूतिकक्षांत रात्री जागवणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि आशा सेविकांनो,

आज एकच गोष्ट आग्रहाने मांडतो : गर्भनिरोधन हा बाळंतपणाच्या शुश्रूषेचाच भाग आहे. ‘सवा महिन्यानंतर या, मग बोलू’ असे म्हणणे आपण सोडले पाहिजे.

कोविडच्या महासाथीत हा ‘नंतर’ उगवलाच नाही. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि कल्याण-डोंबिवलीकरांची मुंबईतली मोठी रुग्णालये एकाएकी दूर गेली. सर्व महिलांना लोकलची मुभा मिळाली ती थेट २१ ऑक्टोबरला, तीही ठरावीक वेळांत. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवले गेले. एरवी निरोध आणि गोळ्या घरपोच देणाऱ्या आशाताई सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरत होत्या. बाळंतपणे मात्र चालूच होती.

या संकटात आपली जुनी दुखणी उघडी पडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण शंभरात एकही नाही. सारी भिस्त शस्त्रक्रियेवर, आणि तीही बाईच्याच. नियोजित शस्त्रक्रिया लांबल्या, तेव्हा दुसऱ्या साधनाची सवयच नव्हती.

साधन न वापरण्याची घरातली कारणेही तितकीच बळकट. ‘अंगावर पाजतेय, दिवस कसे राहतील?’ हे आपण रोज ऐकतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पूर्णपणे आईच्याच दुधावर आणि आईची पाळी सुरू झालेली नसेल, तरच हा भरवसा धरता येतो. तीनपैकी एक अट मोडली की धोका सुरू होतो, आणि पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात. तांबीविषयीची भीती, सासूबाईंचा शब्द, नवऱ्याची नाराजी हे सगळे आहेच. टाळेबंदीत एका खोलीत अख्खे घर कोंडलेले असताना फोनवरूनही बाळंतीण मोकळेपणी विचारू शकत नव्हती.

उपाय आपल्या हाताशी आहेत. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते. स्तनपान देणाऱ्या आईला सहा आठवड्यांनी ‘अंतरा’चे इंजेक्शन देता येते. ‘छाया’ गोळीही चालते. ही दोन्ही साधने २०१७पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. बाळाची पहिली मोठी लसही सहाव्या आठवड्यालाच असते. त्याच फेरीत आईलाही विचारा.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. आपल्याला तो रोष सोसायचा नाही. आपल्याला वेळ काढायचा आहे.

म्हणून माझी मागणी अशी : गरोदरपणाच्या तपासणीतच, शक्य तेव्हा नवऱ्यासह, पण एकदा तरी तिच्याशी एकांतात, सर्व साधनांविषयी बोला. निर्णय तिचाच असू द्या. नकोसे साधन कुणाच्याही माथी मारू नका. आणि घरी सोडण्याच्या कार्डावर बाळाच्या लसीशेजारी तिने निवडलेले साधन आणि पुढची तारीख लिहा. पुढच्या संकटात रस्ते बंद झाले, तरी ती आपल्या निर्णयानिशी घरी पोचलेली असेल.