‘जेवले गं’ आणि फ्रिजचं दार

गावोगावहून आलेले संशोधक, डॉक्टर, परिचारिका आणि घरातल्या आजाऱ्याला कुणाच्या तरी भरवशावर ठेवून आलेल्या माझ्या भावा-बहिणींनो,

मिठागरांच्या आणि उत्तनच्या कोळीवाड्यांच्या या मीरा-भाईंदरमध्ये स्वागत समितीच्या वतीने तुमचं मनापासून स्वागत करते.

मी कित्येक वर्षं इथून चर्चगेटला नोकरीला जायचे. आईचं विस्मरण वाढलं तेव्हा दुपारी फोन करून विचारायचे, “जेवलीस का?” उत्तर ठरलेलं, “जेवले गं.” रात्री येऊन बघावं तर फ्रिजमधली भाजी तशीच झाकलेली, डब्यातल्या चारही पोळ्या जागच्या जागी. ती खोटं बोलत नव्हती. तिला कालचं जेवण आठवत होतं. आज फ्रिजचं दार उघडलंच नाही, एवढं जरी मला कळलं असतं, तरी शेजारच्या वहिनींना फोन करून पान वाढायला सांगितलं असतं.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यासाठी दाराला चुंबकी स्विच आणि भिंतीवर हालचाल टिपणारा सेन्सर बसवता येतो. कॅमेरा लागत नाही. कुठलं दार कधी हललं, यावरून संगणक झोप, अंघोळ, जेवण ओळखतो. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी एकट्या राहणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणाच्या घरात १४ सेन्सर लावून २८ दिवस नोंदी घेतल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींवर पुढे कितीतरी पद्धती पारखल्या गेल्या.

इथल्या अनेक वन रूम किचनमध्ये मात्र पाच माणसं असतात आणि दार दिवसभर सताड उघडं. फ्रिज आजीने उघडला की नातवाने? पहाटे तीनला मोरीत हालचाल दिसली, तर यंत्र म्हणेल, झोप उडाली, काहीतरी बिघडलंय. इथली कुठलीही बाई सांगेल, पाणी आलंय, पिंप भरायचंय! म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, यंत्राला आमची घरं शिकवा. आमच्याकडे येऊन, आम्हाला विचारून शिकवा.

उद्या जेवणानंतर आपण इथल्या दोन घरी जाणार आहोत. चहाला नाही म्हणू नका. त्यातल्या एका घरच्या आजींनी आधीच विचारून ठेवलंय, “रात्री मी किती वेळा उठले, ते कुणाकुणाला कळणार?” त्यांना उत्तर तुम्हीच द्यायचं आहे.