दालेत की रेश?



माथ्यावरची रेघ जुळली की 'घन', तुटली की 'धन'. एवढ्याशा फरकावर आपले ढग आणि आपली तिजोरी वेगळी राहते! हिब्रू लिपीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. तिची मूळ अक्षरे २२. त्यांतल्या पाचांना शब्दाच्या शेवटी निराळे रूप.

त्यांतली दालेत आणि रेश ही जोडी पाहा. दोन्ही म्हणजे एक छप्पर आणि उजवीकडे एक खांब. दालेतचे छप्पर खांबापुढे किंचित येते. रेशचा कोपरा गोल असतो. 'एहाद' म्हणजे एक. शेवटच्या दालेतचे रेश झाले, की तो शब्द 'अहेर', म्हणजे दुसरा, असा वाचला जाईल. आपल्या कोकणातले बेने इस्राएल बांधवही जी 'शेमा' प्रार्थना म्हणतात, ती ईश्वर 'एहाद' असल्याचे सांगते. म्हणूनच तोराच्या पोथीत ते दालेत मुद्दाम मोठे लिहितात.

हीच दक्षता संगणकाच्या टर्मिनलवर फाँट, म्हणजे अक्षरांचा साचा, निवडताना हवी. पूर्वी अक्षराला ८ बाय १६ ठिपक्यांची चौकट सर्रास असे; दालेतचे टोक एका ठिपक्यावर उभे राही. आज ३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या पडद्यावर ते टोक रेखीव काढता येते. पण ठिपके बारीक झाल्याने तीच जुनी चौकट मुंगीएवढी दिसते. तेव्हा ठिपक्यांनी बांधलेला जुना फाँट सोडून हवा तेवढा वाढवता येणारा घ्यावा आणि आकार मोठा ठेवावा.

दुसरी अडचण चौकटीची. टर्मिनलवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. इवलासा योद आणि ऐसपैस शिन एकाच मापाच्या खोलीत राहतात. म्हणून समान रुंदीसाठीच आखलेला फाँट हवा: मिरियम मोनो, लिबरेशन मोनो किंवा कझिन. राफाएल फ्रांक यांचा फ्रांक-रूल पुस्तकात शोभतो. पण त्याच्या उभ्या रेघा बारीक, आडव्या जाड. लहान आकारात उभ्या रेघा पडद्यावर फिक्या पडतात.

परीक्षा सोपी आहे. दालेत-रेश, बेत-काफ, हे-खेत, वाव आणि शेवटचा नून, समेख आणि शेवटचा मेम या जोड्या शेजारी लिहाव्यात आणि नेहमीच्या अंतरावरून वाचाव्यात. जिथे डोळा अडखळेल, तो फाँट कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा. वाचणाराला अंदाज करायला लावणारे अक्षर आपले काम अर्धेच करते.