काच मोजणी विसरते तेव्हा



आज मी मोटारगाडीच्या काचेविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गुरुजींना हे काय सुचले? जन्मभर पाढे शिकवले आणि म्हातारपणी मोटारीत शिरले! पण ही गोष्टही मोजणीचीच आहे. आणि तिच्यापायी आमच्या घरातल्या एका लहान मुलाची बोटे थोडक्यात वाचली.

पूर्वी मोटारीच्या काचेला हँडल असे. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली, तिलाही हँडलच होते. काचेत कोणाचे बोट सापडले तर हँडल जड लागे आणि आपला हात थांबे. आता बटण आले. बटणावरच्या बोटाला काही कळत नाही. म्हणून पुष्कळ गाड्यांत काचेलाच थोडी समज दिली आहे. बटण एकदा वर ओढून सोडले की काच आपली आपण वरपर्यंत जाते. वाटेत हात लागला तर थांबते आणि मागे फिरते. अशा बटणावर बहुधा 'ऑटो' असे लिहिलेले असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ही सोय फक्त चालकाच्या काचेला असते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाची गाडी तीन आठवडे अंगणात उभी होती. आतला दिवा चालू राहिला असावा. बॅटरी पार उतरली. नवी बसवली. गाडी सुरू झाली, पण चालकाची काच हट्टाला पेटली. बटण ओढून सोडले की जागच्या जागी थांबे. धरून ठेवले तरच वर चढे. मिस्तरीने पाहिले आणि सांगितले, "गुरुजी, मोटर गेली. साडेचार हजार होतील." मुलगा पैसे द्यायला निघाला होता. मी म्हटले, उद्या बघू.

त्याच संध्याकाळी ती गोष्ट घडली. माझा नातू चार वर्षांचा आहे. काच वर येऊ लागली की तिच्यावर हात ठेवायचा, ती मागे फिरली की खदखदा हसायचे, हा त्याचा खेळ. हा खेळ त्याला शिकवला कोणी? मीच. सांगायला लाज वाटते. त्या दिवशीही त्याने हात घातला. मुलगा बटण धरून काच लावत होता, त्याचे लक्ष नव्हते. काच मागे फिरली नाही. सूनबाई किंचाळली, मुलाने बटण सोडले, म्हणून निभावले. बोटांवर लाल वळ उठले होते. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी गाडीच्या खणातले पुस्तक काढले. ते इंग्रजीत. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश घेऊन बसलो. दोन तासांनी ते पान सापडले. मजकूर चार ओळींचा होता.

आता यात काय होते ते सांगतो. आडावर पाणी शेंदणारी बाई अंधारातही दोर मोजते. वीस हात ओढला की घागर कप्पीला लागणार, हे तिला ठाऊक असते. बाराव्या हातालाच दोर जड झाला तर ती ओळखते, घागर कुठे तरी अडकली. काचेचेही तसेच. दारात एक विजेची मोटर असते. ती किती फिरली याची मोजणी आत चालू असते. टोक येण्याआधीच मोटर अडली तर मध्ये काही तरी आहे असे समजून काच मागे फिरते. पण बऱ्याच गाड्यांत बॅटरी उतरली किंवा तिची वायर काढली की ही मोजणी पुसली जाते. मग टोक कुठे आणि हात कुठे, हे काचेला कळेना होते. मोटर गेलेली नसते. मोजणी गेलेली असते. त्या बाईने मोजणी विसरली तर ती काय करील? घागर कप्पीला टेकेपर्यंत ओढील आणि तिथून पुन्हा मोजील. आपणही तेच करायचे.

आधी मुलांना दूर करा. या वेळी काचेला समज नसते. गाडी मोकळ्या जागी उभी करून दारे लावा, इंजिन चालू करा, म्हणजे विजेचा जोर राहतो. काच तळापर्यंत खाली न्या. मग बटण वर ओढून धरा. काच पूर्ण लागली तरी बटण सोडू नका. तसेच धरून सावकाश पाच अंक मोजा आणि सोडा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने काम होते. काहींत खालच्या टोकालाही बटण असेच धरावे लागते. पुस्तकात जे लिहिले असेल ते माझ्या सांगण्याहून खरे माना. ज्या ज्या दाराला 'ऑटो' असेल, त्या प्रत्येक दाराचे वेगळे करा.

मग पंचाची जाड गुंडाळी मध्ये धरून पाहा. हात घालू नका. आमची काच गुंडाळीला लागली आणि झटकन मागे फिरली. साडेचार हजार वाचले, पण मला आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला.

तरी काचेवर सगळा भरवसा टाकू नका. अगदी वर दोन-चार मिलिमीटर फट उरली की तिला काही कळत नाही. काही गाड्यांत बटण धरून ठेवले तर ती मागे फिरतच नाही. मागच्या काचा बंद ठेवायचे एक बटण चालकापाशी असते, मुले बसली की ते दाबावे. नातवाचा खेळ मी बंद केला. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एवढे करूनही काच अर्ध्यातून परतत असेल तर तिच्या रबरी खाचेत धूळ बसली असेल, किंवा मोटर खरोखरच गेली असेल. तेव्हा मिस्तरीकडे जावे.

बाहेर आपल्या वर्गातल्या एका भावाची टॅक्सी उभी आहे. कालच तिची बॅटरी बदलली. चला, तिच्यावरच करून पाहू. बटण तुम्ही धरा, अंक मी मोजतो.