एका आवाजाचा हट्ट

मढच्या किनाऱ्यावरील मनुष्यास मुंबईच्या मैदानावरील सामना पाहावयाचा असेल, तर होडीने वेसावे गाठावे, तेथून अंधेरी, आणि पुढे आगगाडीने चर्चगेट! असा जो घरीच राहिला, त्याच्याकरिता मैदानावर बसून बोलणारा मनुष्य म्हणजे रेडिओवरील समालोचक. त्याचे डोळे तेच ऐकणाऱ्याचे डोळे.

ही कला फार जुनी नव्हे. जानेवारी १९२७ मध्ये इंग्लंडात वेकलॅम नावाच्या गृहस्थांनी प्रथम रग्बीच्या सामन्याचे धावते वर्णन केले. त्या वेळी त्यांच्याजवळ एका अंध गृहस्थास बसविले होते व ‘यांना खेळ समजावून सांगा’ अशी सूचना त्यांस दिली होती. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉलचे वर्णन केले. मैदानाचा चौकटी पाडलेला नकाशा आधीच छापून आला होता, आणि चेंडू कोणत्या चौकटीत आहे हे दुसरा मनुष्य मधून मधून सांगत होता.

मुंबईत ही कला रुजविली ती ए. एफ. एस. तथा बॉबी तल्यारखान या पारशी गृहस्थांनी. त्यांचा जन्म १८९७ चा. १९३४ साली एस्प्लनेड मैदानावर पारशी व मुसलमान या संघांचा चौरंगी क्रिकेट सामना झाला, त्याचे वर्णन त्यांनी रेडिओवरून केले. त्यांच्यापाशी ना नकाशा, ना जोडीदार. उपाहाराची व चहाची सुटी सोडली तर दिवसभर तेच एकटे बोलत असत. आवाज भरदार, अखंड धूम्रपानाने किंचित घोगरा झालेला. आणि गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी तर विलक्षण!

यंत्रासमोर आपण एकटेच बसू, ही त्यांची अट असे. ती केवळ अहंकाराची म्हणावी काय? दिवसभराचा खेळ ही एक सलग कथा आहे, आणि कथा सांगणारा मध्येच बदलला की ऐकणाऱ्याचे सूत्र तुटते, असे या अटीच्या बाजूने म्हणता येईल. उलट, न पाहणाऱ्यास एकाच साक्षीदारावर सर्वस्वी विसंबावे लागते, आणि एका माणसाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी कोठे तरी चुकावयाचीच, हेही तितकेच खरे.

१९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा रेडिओच्या अधिकाऱ्यांनी तिघा समालोचकांची योजना केली. तल्यारखानांनी भागीदारी पत्करली नाही. त्यांनी यंत्रच सोडले! पुढे १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात व १९७२-७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत ते पुन्हा ऐकू आले. एरवी त्यांनी आपले म्हणणे वृत्तपत्रांतील सदरांतून मांडले. १९९० साली ते निवर्तले.

त्यांच्यामागे पद्धत टिकली ती आळीपाळीने बोलण्याची. मात्र तल्यारखान बोलत ते इंग्रजीत. खाडीपलीकडे आवाज पोहोचला तरी मढच्या कोळीवाड्यात त्याचा अर्थ किती घरांत पोहोचणार? ते उरलेले अंतर पुढे पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचनाने तोडले. जो मैदानावर आला नाही, त्याला खेळ त्याच्याच भाषेत दिसला पाहिजे. त्या अंध गृहस्थास शेजारी बसविण्यामागील हेतू तरी याहून निराळा कोठे होता?