कोल्हापूरच्या पाळण्यातली नावं

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



फ्रान्समध्ये १ एप्रिल १८०३ रोजी बाळांच्या नावांचा कायदा झाला. क्रांतीच्या धामधुमीत लोकांनी मुलांना वाटेल ती नावं दिली होती. त्याला आळा घालायचा म्हणून सरकारनं ठरवलं की, नाव एक तर प्रचलित दिनदर्शिकेतलं हवं, नाही तर प्राचीन इतिहासातल्या व्यक्तीचं. दिनदर्शिका ख्रिस्ती संतांची, रोजचा एक संत ठरलेला. ब्रेतॉन भाषेच्या मुलखात आईबापांनी आपल्या बोलीतलं नाव सांगितलं की दफ्तरातला अधिकारी ते लिहून घ्यायला नकार द्यायचा. १९६६ मध्ये ही बंधनं थोडी सैल झाली आणि १९९३ मध्ये निवडीचा हक्क आईबापांकडे आला.

आपल्याकडे असा कायदा झाला नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा तर नावाशिवायही जन्माची नोंद करून घेतो, नाव मागाहून भरता येतं. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या आज्या-पणज्यांची, आजे-पणज्यांची नावं आठवून पाहा. ती कुणाच्या लहरीनं पडलेली नाहीत. आत्यानं पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि तिच्या पाठीत धपाटे बसायचे, हा झाला सोहळा. नाव त्याआधीच ठरलेलं असायचं.

पहिला मान देवाचा. वाडी रत्नागिरीचा जोतिबा म्हणजे केदारलिंग. त्यामुळे पन्हाळा, करवीर, हातकणंगले इथल्या गावागावांत जोतिबा, जोतिराम, केदारी, केरबा ही नावं घरटी सापडायची. महात्मा फुल्यांचं नावही याच दैवतावरून आलं. अंबाबाईवरून अंबूबाई, नृसिंहवाडीच्या दत्तावरून दत्तू आणि दत्तात्रय. मुसलमान घरांतही तीच रीत होती. मीरासाहेब हे नाव मिरजेच्या दर्ग्याचं आणि दस्तगीर हे पीर दस्तगिरांचं. फ्रान्समध्ये दिनदर्शिकेतल्या संताचं नाव मिळायचं, इथं ज्या डोंगराला किंवा दर्ग्याला नवस बोललेला असेल त्याचं.

दुसरी खूण भाषेची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जन्म १८८७. त्यांचं पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. या पायगोंडातला ‘गोंडा’ म्हणजे कन्नड गौडा, गावचा पाटील. जैन मुनिपरंपरेतले आचार्य शांतिसागर हे दीक्षेपूर्वी भोजचे सातगोंडा पाटील होते. निमशिरगावचे देशभक्त रत्नाप्पा कुंभार घटना समितीत बसले, त्यांच्या नावातला ‘आप्पा’ही कन्नडमधलाच. शिरोळ, हातकणंगले, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यातले बाळगोंडा, आदगोंडा, पारव्वा, गंगव्वा घ्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर पेटला, आयोग बसले, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. पण या मुलखात दोन भाषा एका घरात नांदत होत्या याचा पुरावा हवा असेल, तर तो या नावांत आहे. मराठी आडनावाशेजारी कन्नड नाव आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नव्हतं.

आता बाळासाहेब, भाऊसाहेब, आप्पासाहेब, तात्यासाहेब या नावांकडे वळू. कोल्हापूर-सांगलीच्या शिधापत्रिकांवर ती जागोजाग दिसतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे कसलं नाव, ही तर हाक आहे. बरोबर आहे, ती हाकच आहे. नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत होती. पण सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. मग स्वतःच्या पोटच्या पोराला ती हाक मारणार कशी? तिनं त्याला बाळ म्हटलं, आप्पा म्हटलं, बापू म्हटलं. गाव तेच म्हणू लागला. पोरगं शाळेत गेलं की मास्तरांनी विचारायचं, नाव काय रे, आणि त्यानं जे कानावर पडत आलं ते सांगायचं. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. शाळा वाढल्या तशी ही घरगुती नावं हजेरीपटावर चढत गेली. करवीरच्या गादीवरही हेच दिसतं. शिवाजी, संभाजी ही नावं पिढ्यांमागून पिढ्या परत येत राहिली, म्हणून इतिहासात राजांची ओळख आबासाहेब, बावासाहेब, बाबासाहेब अशी पटवावी लागते. खुद्द शाहू महाराज जन्मानं कागलचे यशवंतराव घाटगे. १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आले आणि वयाच्या दहाव्या वर्षी शाहू झाले.

बाळासाहेब हे नाव पुरुषाचं असलं तरी ते घडवलं घरातल्या बाईनं, तिच्यावर लादलेल्या बंधनातून वाट काढत. याची आठवण आपण ठेवत नाही.

तिसरी गोष्ट भीतीची. मुलं जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवली जात. फ्रान्समधलं घरोघरचं पिएर हे नावही मुळात दगडाचंच. पण तो दगड चर्चच्या पायाचा, संत पीटरचा. आमचा दगडू यमाला फसवण्यासाठी होता. काळजी मात्र सगळीकडे सारखी. लग्नानंतर तेवीस वर्षांनी, १६३८ मध्ये फ्रान्सच्या राणीला मुलगा झाला. तोच पुढचा चौदावा लुई. त्याच्या नावाला ‘दिअदोने’, म्हणजे देवानं दिलेला, अशी जोड होती. नवसाचं पोर राजवाड्यातलं असो की वस्तीवरचं, आईचा जीव तेवढाच टांगणीला.

मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट वेदनेची होते. फ्रेंचमध्ये देझिरे असं नाव आहे, जिची इच्छा धरली होती ती. आपल्याकडे तिची सख्खी बहीण शोभेल अशी हौसा आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेली हौसाबाई, याच नावाची. आणि त्याच आपल्या मुलखात नकुशाही आहे, म्हणजे नको असलेली. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ नकुशांना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. कितीतरी मुलींनी आपलं नाव स्वतः निवडलं. बारशाचा खरा हक्क त्या दिवशी बजावला गेला, असं मी मानतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्रात झाला, त्याचंही मी मनापासून स्वागत करतो. आईचं नाव कागदावर यायला फार उशीर झाला.

आजच्या तरुण आईबापांनी फोनवरच्या यादीतून विहान, आरव, कियारा निवडली तर त्यात गुन्हा नाही. फ्रान्समध्येही १९९१ साली मुलांच्या नावांत केव्हिन या आयरिश नावानं पहिला क्रमांक गाठला होता. वारं सगळीकडे वाहतं. एवढंच सांगेन, की यादीत नावापुढे छापलेला अर्थ डोळे झाकून घेऊ नका, दाते-कर्व्यांचा शब्दकोश उघडून पाहा. आणि घरातलं एखादं जुनं नाव परत वापरता आलं, तर संकोच करू नका. केदार तर आजही कुठंही शोभतं.

माझी खरी चिंता निराळी आहे. केरबा, पायगोंडा, हौसा, गंगव्वा ही नावं धारण करणारी शेवटची माणसं आज घरात खाटेवर बसलेली आहेत. त्यातही बायकांची दोन-दोन नावं आहेत. लग्नात नाव बदललं, माहेरचं नाव सासरच्या कुणाला ठाऊक नाही, आणि ते ज्यांना ठाऊक होतं ते भाऊ-बहीण गेले. वतनाचे कागद, सातबारा, शाळेचे दाखले आपण जपतो, पण त्यांत या नावांची अर्धीच नोंद आहे.

म्हणून इथं बसलेल्या प्रत्येकाला विनंती करतो. घरी गेल्यावर एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला तिचं माहेरचं नाव विचारा, ते कुणी ठेवलं, का ठेवलं, तिच्या आईचं आणि आजीचं नाव काय होतं, हे विचारा, आणि ती सांगेल तसंच, तिच्याच उच्चारात लिहून ठेवा. हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका.